फेल्ट हॅटची कुळकथा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आमच्याकडे आल्या. अभ्रा उलगडताच आतून राखाडी रंगाची फेल्टची हॅट निघाली. माथा एका बाजूने बसलेला, काठ लाटेसारखा वरखाली झालेला, फितीचा रंग उडालेला आणि मागल्या बाजूस कसरीने पाडलेली दोन बारीक भोके. हॅट त्यांच्या दिवंगत वडिलांची. ते बोटीवर नोकरीला होते आणि विलायतेतल्या कुठल्याशा बंदरात जुन्या कपड्यांच्या दुकानातून त्यांनी ती घेतली होती, एवढेच घरात ठाऊक. नाताळानंतर मुलाचे लग्न ठरले होते. आजोबांची हॅट नातवाने त्या दिवशी डोक्यावर घालावी, अशी घरच्या आजीची इच्छा. "फादर, वाफ देऊन ही जरा सारखी करता येईल का? पोराचं डोकं मोठं आहे, थोडी सैलही करायला हवी," असे त्या म्हणाल्या.

त्या आमच्याकडे आल्या याला कारण होते. सेमिनरीत असताना वस्त्रागार सांभाळणाऱ्या एका वृद्ध ब्रदरांच्या हाताखाली आम्ही काही महिने काम केले होते आणि वयोवृद्ध धर्मगुरूंच्या काळ्या हॅट्स केटलीच्या वाफेवर धरून सारख्या करण्याची विद्या त्यांच्याकडून उचलली होती. ही गोष्ट आम्हीच कधीतरी गप्पांच्या ओघात सांगितली असणार. काम तासाभरात हातावेगळे होईल, असे प्रथम आम्हांसही वाटले. केटली चुलीवर चढलीही. पण हॅट उलटी करून आतली चामडी पट्टी उलगडली आणि आमचा हात थबकला. तो का थबकला हे सांगायचे तर फेल्टच्या हॅटची कुळकथा सांगणे भाग आहे. ती सांगितल्यावाचून दुरुस्तीची गोष्ट पुरी होत नाही.

फेल्ट हे वस्त्र खरे, पण ते मागावर जन्मलेले नाही. त्यात उभा धागा नाही, आडवा धागा नाही, मुळात सूतच नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले अतिसूक्ष्म खवले असतात. कढत पाणी लागले की ते उघडतात. मग लोकर चोळली, दाबली, लाटली की तंतू एकमेकांत शिरतात, आणि खवल्यांचे तोंड एकाच दिशेला असल्यामुळे पुढे सरकलेला तंतू मागे येऊ शकत नाही. लोकरी स्वेटर कढत पाण्यात धुऊन तो आटून घट्ट झाल्याचा अनुभव ज्या गृहिणींनी घेतला आहे, त्यांनी नकळत फेल्टच तयार केलेले असते. उत्तर हिंदुस्थानातील नमदा आणि आपल्या जुन्या बोलीतील बुरणूस ही याच कुळातील भावंडे. सैबेरियाच्या अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील बर्फात गोठलेल्या थडग्यांतून इसवी सनापूर्वी सुमारे पाचव्या ते तिसऱ्या शतकांतील फेल्टचे सुंदर पडदे सापडले आहेत. म्हणजे ही कला किमान अडीच हजार वर्षांची आहे.

ख्रिस्ती परंपरेने मात्र या शोधाचे श्रेय संत क्लेमेंट यांना दिले. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्तसभेची धुरा वाहणारे हे पोप. लांबच्या वाटेने चालताना पायांना फोड आले म्हणून त्यांनी पादत्राणांत लोकर भरली आणि घाम, ऊब व पावलांचा भार यांनी मुक्कामी पोहोचेपर्यंत तिचे फेल्ट झाले, अशी ती दंतकथा. इतिहासाच्या कसोटीवर ती टिकत नाही, हे पाझिरिकच्या थडग्यांवरून उघड आहे. तरीही युरोपातील हॅट घडविणाऱ्या कारागिरांनी संत क्लेमेंट यांना आपले आश्रयदाते मानले आणि २३ नोव्हेंबरला येणारा त्यांचा सण पाळला. दंतकथेत तारखा चुकतात, पण मर्म चुकतेच असे नाही. फेल्ट घामातून आणि पायपिटीतून जन्मले, हे या कथेचे मर्म अगदी खरे आहे. पुढच्या शतकांत तो घाम कोणी गाळला, एवढाच प्रश्न उरतो.

युरोपात उत्तम हॅटचे फेल्ट मेंढीच्या लोकरीचे नसे. ते बीव्हर या पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचे असे. बीव्हरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर लांब व राठ, खालचा आखूड व मऊ. खालच्या केसांना बारीक दातेरी खवले असल्यामुळे त्यांचे फेल्ट हलके, घट्ट आणि पावसाला दाद न देणारे होते. या गुणापायी पश्चिम युरोपातील बीव्हर सतराव्या शतकापर्यंत जवळजवळ संपला. मग व्यापाऱ्यांची नजर उत्तर अमेरिकेकडे वळली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७० मध्ये हडसन्स बे कंपनीला सनद दिली, ती मुख्यतः याच कातड्यांच्या व्यापारासाठी. एका खंडाचा भूगोल आणि तेथील मूळ रहिवाशांचे भवितव्य दुसऱ्या खंडातील शिरोभूषणासाठी बदलून गेले.

या व्यापारात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बीव्हरच्या ताज्या कातड्याला त्या काळी दुय्यम भाव मिळे. सर्वांत अधिक किंमत येई ती वापरलेल्या कातड्याला. तेथील आदिवासी स्त्री-पुरुष बीव्हरची कातडी शिवून केसांची बाजू अंगाला लावून वर्ष-दोन वर्षे पांघरीत. अंगाच्या घर्षणाने वरचे राठ केस झडून जात, घामाने व तेलकटपणाने आतले केस मऊ होत आणि फेल्टसाठी अगदी योग्य बनत. फ्रेंच व्यापारी अशा कातड्यास 'कास्तोर ग्रा', म्हणजे चिकट बीव्हर म्हणत. लंडन-पॅरिसच्या सरदारांच्या मस्तकावरील झुळझुळीत हॅट अशा रीतीने आधी एका अनाम आदिवासी कुटुंबाचे पांघरूण होती. जन्मतःच ती दुसऱ्या हाताची होती.

तिची किंमतही तशीच असे. लंडनच्या नौदल खात्यातील अधिकारी सॅम्युएल पीप्स यांच्या दैनंदिनीत जून १६६१ मध्ये घेतलेल्या बीव्हर हॅटचे मोल चार पौंड पाच शिलिंग नोंदलेले आहे. घरकाम करणाऱ्या मुलीला त्या काळी वर्षाकाठी मिळणारा पगार बहुधा याहून कमीच असे. इतकी महाग वस्तू कोणी टाकून देत नसे. मळली की ती धुऊन, पुन्हा रंगवून, नव्या ठोकळ्यावर चढवून तिला त्या दिवसांच्या रीतीचा आकार देत. मालकाला कंटाळा आला की ती चाकराकडे जाई, चाकराकडून जुन्या बाजारात. इंग्लंडमध्ये वापरून झालेल्या बीव्हर हॅट्स डागडुजी करून पोर्तुगालकडे आणि तेथून समुद्रापलीकडे विकल्या जात, असे या व्यापाराचे अभ्यासक सांगतात. आज आपण जुन्या हॅटची घरी दुरुस्ती करतो, तेव्हा नवे काही करीत नाही; हॅटच्या इतिहासातील अगदी सरळ रूढीच पाळीत असतो. इंग्लंडच्या सरकारने १७८४ ते १८११ या काळात हॅटवर कर बसविला होता आणि तो भरल्याची मुद्रा हॅटच्या आतल्या अस्तरावर चिकटवावी लागे. बनावट मुद्रा करणाऱ्यास देहान्त शासनापर्यंत शिक्षा होती. हॅटची खरी हकीकत बाहेरून दिसत नाही, ती आतून वाचावी लागते.

आता ती घडे कशी ते पाहू. आपल्याकडे गादीचा कापूस पिंजणारा पिंजारी धनुकली घेऊन दारोदार फिरे, हे जुन्या पिढीला आठवत असेल. युरोपातील हॅट कारागिराचे पहिले हत्यार अगदी तसेच होते. माणसाच्या उंचीहून मोठे धनुष्य छतापासून टांगलेले असे. त्याची तात छेडली की कातड्यावरून उतरविलेले केस हवेत उडून पिंजले जात आणि फळीवर धुक्यासारख्या पातळ थराने बसत. तो थर ओल्या कापडाखाली दाबून, अनेक थर जोडून एक मोठा शंकू बनवीत. मग तो शंकू आम्ल मिसळलेल्या कढत पाण्याच्या काहिलीत बुडवून लाकडी फळ्यांवर पुन्हा पुन्हा लाटीत. आटत आटत तो निम्म्याहून लहान होई. शेवटी लाकडी ठोकळ्यावर ओढून, दोरीने बांधून, त्याला माथा आणि काठ येई. कापडाची टोपी शिवतात. फेल्टची हॅट मात्र कुंभाराच्या मडक्यासारखी घडवितात. फरक इतकाच की भाजलेले मडके पुन्हा मऊ होत नाही आणि हॅटला वाफ दिली की ती पुन्हा मातीसारखी हातात येते. तिच्या पुनरुज्जीवनाचे सारे रहस्य एवढेच आहे.

परंतु चिकट बीव्हर पुरेसा मिळेना. ताज्या कातड्याचे आणि सशाचे केस एकमेकांत धड गुंतत नसत. त्यावर फ्रान्सच्या कारागिरांनी तोड काढली. नत्राम्लात पारा विरघळवून तो द्रव कातड्यावर घासला की केसांचे खवले उठत आणि फेल्ट झटपट जमे. ही कृती इतकी गुप्त ठेवली गेली की फ्रेंचमध्ये तिचे नावच 'सेक्रेताज' पडले. केसांची टोके गाजरासारखी नारिंगी होत, म्हणून इंग्रज कारागीर तिला 'कॅरटिंग' म्हणू लागले. पांघरणाऱ्या माणसाच्या घामाने वर्षभरात होणारे काम पाऱ्याने एका दिवसात केले. घामाची जागा विषाने घेतली.

काहिलीतून आणि तापलेल्या ठोकळ्यांवरून उठणारी पाऱ्याची वाफ कोंदट खोलीत कारागिराच्या छातीत जाई. काही वर्षांनी त्याचे हात थरथरू लागत, हिरड्या सुजून दात हलत, बोबडी वळे. स्वभाव भित्रा व चिडखोर होई, परक्या माणसासमोर तो गोंधळून जाई. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील डॅनबरी हे हॅटचे मोठे गाव. तेथे या कंपाला 'डॅनबरी शेक्स' असेच नाव पडले होते. न्यू जर्सीतील डॉक्टर फ्रीमन यांनी १८६० मध्ये हॅट कामगारांच्या या रोगाचे वर्णन वैद्यकीय संस्थेच्या अहवालात छापले. उपाय कळला होता, कारण कळले होते. तरीही अमेरिकेत फेल्टच्या कामातून पाऱ्याचे उच्चाटन झाले ते थेट १९४१ च्या डिसेंबरात. त्या काळात युद्धासाठी स्फोटके बनवायला पाऱ्याची निकड होती, हेही त्यामागचे एक कारण सांगितले जाते. इतर देशांतून ही रीत हळूहळू मागे पडली. ऐंशी वर्षे कारागिरांचे कापरे हात सर्वांना दिसत होते. ते थांबायला तोफांची गरज लागावी, ही सुधारलेल्या जगाला शोभणारी गोष्ट नव्हे.

या ठिकाणी इटलीतील मोडेना येथील वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांची आठवण होते. कामगारांच्या रोगांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. सोन्याचा मुलामा देणाऱ्या आणि आरसे बनविणाऱ्या कारागिरांना पाऱ्याने काय होते, हे त्यांनी त्यात लिहिले. रोग्याला वैद्याने जे प्रश्न विचारावेत, त्यांत त्यांनी एक नवा प्रश्न घातला: तुझा धंदा कोणता? प्रश्न साधा होता, पण वैद्यकाला तो सुचायला शतके लागली. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या देहाची व जिवाची किंमत जगापुढे मांडली, तिच्याही मुळाशी हाच प्रश्न आहे.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा हॅटशी आलेला संबंधही या कुळकथेत सांगायला हवा, कारण तो आपल्याला सोयीचा तेवढाच सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लिऑनच्या १२४५ च्या धर्मपरिषदेच्या वेळी पोप चौथे इनोसंट यांनी कार्डिनलांना रुंद काठाची लाल हॅट दिली. रक्त सांडण्याचीही तयारी असावी, असा त्या लाल रंगाचा अर्थ सांगत. कार्डिनल निवर्तले की ती हॅट त्यांच्या समाधीवर छतापासून टांगीत आणि कुजून खाली पडेपर्यंत तशीच राहू देत. जगाचे वैभव असेच झडते, हा तिचा उपदेश. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये अशा हॅट्स टांगलेल्या पाहावयास मिळतात. पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये ही हॅट देण्याची प्रथा बंद केली. साध्या धर्मगुरूंची हॅट काळी, गोल माथ्याची आणि रुंद सपाट काठाची. शनी ग्रहाच्या कड्याची आठवण करून देणारी, म्हणून इटलीत तिला 'सातुर्नो' म्हणत. आमच्या ब्रदरांनी सारख्या केलेल्या हॅट्स या जातीच्या.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा ह्युगेनॉट पंथाचे असंख्य कारागीर देश सोडून गेले. त्यांत हॅट घडविणारेही होते. त्यांतील काही लंडनजवळच्या वँड्सवर्थ येथे स्थायिक झाले आणि रोमच्या कार्डिनलांच्या हॅट्सही पुढे त्यांच्याकडूनच जात, अशी त्या गावची परंपरा सांगते. एका कॅथलिक राजाने धर्माच्या नावाने ज्यांना हाकलले, त्यांच्याच हातची हॅट कॅथलिक ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांच्या मस्तकी बसावी, याहून कठोर उपहास इतिहासाला सुचला नसता. डोक्यावर काय आहे ते सर्व पाहतात. ते कोणाच्या हातचे आहे, हे कोणी विचारत नाही.

या कुळकथेत आपल्या देशाचाही एक धागा आहे. विलायती बोलर हॅट १८४९ मध्ये लंडनच्या लॉक कंपनीच्या मागणीवरून प्रथम घडविली गेली. तिचा दगडासारखा ताठ माथा लाखेच्या द्रावणाने कडक केलेला असे. ही लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून, छोटा नागपूर व त्याच्या आसपासच्या जंगलांतून जाई. पळस, बोर आणि कोशिंब या झाडांच्या फांद्यांवरून इवल्याशा किड्यांनी सोडलेली राळ आदिवासी खरवडून काढीत. साहेबाच्या हॅटचा ताठा अशा रीतीने आपल्या जंगलातला होता. इकडे मुंबई, वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पुढे फेल्टची मऊ हॅट आली. १८८२ मध्ये फ्रेंच नाटककार सार्दू यांच्या 'फेदोरा' नाटकात सारा बर्नहार्ट हिने नायिकेची भूमिका केली, त्या नाटकावरून या मऊ हॅटला 'फेडोरा' हे नाव मिळाले. आमच्या लहानपणी जुन्या लग्नांच्या फोटोंत कोट, टाय आणि हातात धरलेली फेल्ट हॅट असा थाट असे. हातात धरलेली म्हणण्याचे कारण, पुरुषाने देवमंदिरात उघड्या डोक्याने असावे, हा संत पौलाच्या पत्राचा उपदेश १९१७ च्या धर्मसंहितेतही नियमरूपाने आला होता.

ज्यांच्या घरी अलीकडच्या काळातील, म्हणजे वडिलांनी किंवा काकांनी साठ-सत्तरच्या दशकानंतर नवी घेतलेली, फेल्ट हॅट पडून असेल, त्यांच्यासाठी ब्रदरांची पद्धत येथे थोडक्यात सांगतो.

प्रथम हॅट कोरडी असतानाच मऊ ब्रशाने झाडावी. केसांचा कल ज्या बाजूला असेल त्याच बाजूने हात चालवावा, उलटा कधी नाही. तेलकट डागावर मुलतानी मातीची बारीक पूड भुरभुरावी, रात्रभर ठेवावी आणि सकाळी झटकावी; दोन-तीन वेळा केल्यास डाग पुष्कळ फिकटतो. फीत उसवून काढावी. आतली चामडी पट्टी बाहेर उलटून ठेवावी, कारण उष्णतेने चामडे आखडते आणि एकदा आखडले की परत येत नाही. मग केटलीच्या वाफेपासून वीतभर अंतरावर हॅट फिरवीत धरावी. फेल्ट ओले होता कामा नये, नुसते दमट व मऊ व्हावे. बोटांनी बसलेला भाग आतून हळूच बाहेर ढकलावा. लाकडी ठोकळा नसेल तर डोक्याच्या मापाचे पातेले उपडे घालून त्यावर स्वच्छ कापड गुंडाळावे, हॅट त्यावर ओढून माथ्याच्या खालच्या कडेला सुती दोरी आवळावी. काठ सपाट करायचा असल्यास ओले कापड मध्ये ठेवून इस्त्री फिरवावी. इस्त्री फेल्टला थेट लावू नये. वाळवायची ती सावलीत, उन्हात किंवा विस्तवाजवळ नव्हे.

माप सैल करायचे असेल तर दमट असताना थोडे ताणावे. एक सेंटीमीटरहून अधिकाचा हव्यास धरू नये. माप कमी करायचे असेल तर चामडी पट्टीच्या मागे कागदाची घडी किंवा फेल्टची पट्टी ठेवणे, ही जगभरची जुनी युक्ती आहे. काठ फार रुंद वाटल्यास खडूने आखून धारदार कात्रीने एकाच दमात कापावा. फेल्टला धागा नसल्यामुळे ते उसवत नाही. कसरीच्या भोकासाठी पट्टीखालच्या लपलेल्या भागातून वस्तऱ्याने थोडी लव खरवडावी, ती डिंकात कालवून भोकात भरावी आणि वाळल्यावर बोटाने घासावी. शेवटी आडव्या वळांची जाड फीत शिवून तिची गाठ डाव्या बाजूला घ्यावी. कसर पुन्हा लागू नये म्हणून हॅट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी.

आता त्या राखाडी हॅटकडे वळू. चामडी पट्टी उलटताच तिच्यामागून वर्तमानपत्राच्या घड्या निघाल्या. वरची घडी मराठी कागदाची. म्हणजे ही हॅट त्या खलाशाला मोठी होत होती आणि घरी आल्यावर त्यांनी ती आपल्या मापाची करून घेतली होती. पण त्या घडीखाली दुसरी घडी होती. कागद इंग्रजी, पिवळा पडून खडखडीत झालेला, आणि एका कोपऱ्यावर छापलेले वर्ष स्पष्ट दिसत होते: १९३८. त्यांच्याआधीच्या कोणा परक्या माणसालाही ही हॅट मोठीच होत होती, आणि त्यानेही हाच उपाय केला होता.

आमचा हात थबकला तो या आकड्यापाशी. १९३८ पूर्वीची हॅट म्हणजे पाऱ्याच्या काळातील हॅट. संग्रहालयांतील जुन्या हॅट्स तपासल्या असता त्यांच्या फेल्टमध्ये पारा आजही टिकून असल्याचे आढळले आहे. तो रंगावरून किंवा वासावरून ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. वाफ दिली, इस्त्री फिरवली की तो हवेत येऊ शकतो. प्रत्येक जुन्या हॅटमध्ये तो असेलच असे नाही. पण आहे की नाही हे ठाऊक नसताना स्वयंपाकघरात केटलीवर ती धरणे, किंवा लव खरवडून तिची धूळ श्वासावाटे घेणे, हे शहाणपणाचे नव्हे. आम्ही केटली उतरवली, हात धुतले आणि खिडक्या उघडल्या. ज्या घरी लहान मुले आहेत त्यांनी तर अशा हॅट्स हाताळतानाही हातमोजे घालावेत आणि त्या बंद पिशवीत किंवा काचेच्या पेटीत ठेवाव्यात.

आणखी एक गोष्ट त्या क्षणी ध्यानात आली. नातवाचे डोके मोठे होते. दोन्ही घड्या काढल्यावर त्याच्या मापाला हॅट न ताणताच बहुधा बरोबर आली असती. दोघांनी लहान केलेली हॅट तिसऱ्याला आपोआप बसली असती. पण ती त्याच्या डोक्यावर ठेवायला आम्ही धजलो नाही.

त्या भगिनींना हे सारे सांगताना आमची थोडी अडचण झाली. आजींना तर ते पटेचना. "माझ्या माणसाने इतकी वर्षं घातली, त्याला कुठे काय झालं?" असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. हॅट घालणाऱ्याला सहसा काही होत नसे. जे व्हायचे ते ती घडविणाऱ्याला होऊन गेलेले असे. आम्ही त्यांना थरथरणाऱ्या हातांची गोष्ट सांगितली. आजी बराच वेळ हॅटकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हिच्यासाठी कोणीतरी आजारी पडलं असेल." आम्ही म्हटले, पडले असेल, नक्की सांगता येत नाही. "मग फादर, आजोबांच्या मिस्साच्या दिवशी त्यांच्यासाठीही प्रार्थना करा," एवढेच त्या बोलल्या.

लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा उघड्या डोक्यानेच आला. तसाही देवमंदिरात हॅटचा काही उपयोग नव्हता. घरच्या मांडवात आजोबांच्या फोटोशेजारी काचेच्या पेटीत ती हॅट ठेवली होती, माथा एका बाजूने बसलेली, फीत उडालेली, जशीच्या तशी. पट्टीमागच्या दोन्ही घड्याही आम्ही पूर्वीच्याच क्रमाने परत ठेवल्या होत्या. आधी इंग्रजी, मग मराठी.